पंखाच्या वहाणा

काकू एसटीत चढण्याआधी एसटीभोवती एक फेरी मारायच्या. आळेफाट्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागलेली असायची, लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत असायचे, दारात रेटारेटी चाललेली असायची आणि या बाई सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मागच्या चाकाला टिचक्या मारत असायच्या. टायरवर बुटाचं टोक मारून आवाज ऐकायचा, वाकून गाडीच्या पोटाखाली बघायचं, पुढं येऊन दिव्यांवरची धूळ पदरानं पुसायची आणि मग शेवटच्या माणसामागून शांतपणे आत चढायचं. उभ्यानं प्रवास करावा लागला तरी त्याचं काही वाटायचं नाही.

कंडक्टर ओळखीचे झाले होते. "अवो काकू, बसा की आता! गाडी डेपोतनं तपासूनच आलीया."

"ज्यानं तपासली तो आत बसलाय का?" काकू विचारायच्या.

कंडक्टर तिकिटांची पेटी सावरत आत सरकायचा.

नारायणगावच्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले, तेव्हा वारूळवाडीत त्यांच्या घराच्या वरची खोली मला भाड्यानं मिळाली. एरवी खोली दाखवताना घरमालकीण नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगते. काकूंनी मला थेट गच्चीवर नेलं. तिथं उंच काठीच्या टोकाला लाल लोकरीचा एक धागा बांधलेला होता. तो दाखवून म्हणाल्या, "कपडे वाळत घालताना आधी याच्याकडं बघायचं. हा चिंचेकडं आडवा झाला असेल तर चिमटे दुप्पट लाव. नाहीतर तुझी ओढणी चिंचेला नेसवलेली दिसेल." एवढं सांगून त्या जिना उतरल्या. पाण्याची वेळ मला शेजारणीला विचारावी लागली.

रोज सकाळी माझ्या स्कूटीभोवतीही फेरी व्हायची. ब्रेक दाबून बघायच्या, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायच्या, माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढायच्या आणि कुठं काही अडत नाही ना या अर्थानं विचारायच्या, "मोकळी?" मी "मोकळी" म्हटल्याशिवाय फाटकातून सोडायच्या नाहीत. पहिले काही दिवस मला हसू यायचं. पुढं रजेवर सोलापूरला आईकडे गेले की सकाळी बाहेर पडताना कुणी काही विचारत नाही, म्हणून चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या घरात कधी काही पडायचं नाही. कप उतरायचा, पातेलं उतरायचं, पाल उतरायची. 'पडणं' हा शब्द त्यांनी घरातून हद्दपारच केला होता. शेजारच्या आजी विहिरीच्या पायरीवर पडून मांडीचं हाड मोडून घेऊन माझ्याकडे व्यायामाला येऊ लागल्या, तेव्हा काकूंनी त्यांना गंभीरपणे विचारलं, "उतरताना वारा पाठीमागनं होता का?"

"वारा कुठला बाई," आजी म्हणाल्या, "शेवाळ व्हतं."

हे सगळं कशातून आलं, ते मला कळलं कांदे आणायला गेले तेव्हा. घरामागं कांद्याची चाळ होती. बांबूच्या फटींमधून ऊन आत येत होतं, त्यात कांद्याची सालं तरंगत होती आणि कांद्याच्या ढिगाशेजारी एक विमान होतं. म्हणजे मला ते विमान वाटलं. लांबोळकं लाकडी अंग, त्यावर ताणून बसवलेलं पिवळट कापड, पुढं एका माणसापुरती बसायची खोबण. पंख सुटे करून भिंतीशी उभे केलेले आणि त्यांच्यावर जुनी धोतरं पांघरलेली. इंजिन कुठंच नव्हतं.

"याचं इंजिन?" मी विचारलं.

"त्याला नसतंच. ग्लायडर आहे ते. वाऱ्यावर चालतं." काकूंनी माझ्या हातात कांद्याची पिशवी दिली. "मोठे घेऊ नकोस, आतनं सडलेले असतात."

त्यांच्या तोंडून मला एवढंच कळलं. बाकीचं हळूहळू, इकडून तिकडून समजत गेलं. पुण्याच्या कॉलेजात असताना त्या एनसीसीत होत्या आणि ग्लायडर चालवायला शिकल्या होत्या. एकटीनं चालवायच्या. मग लग्न ठरलं. बघायला आलेल्या मंडळींत कुणीतरी सांगितलं, मुलीचं सगळं चांगलं आहे, फक्त ती विमानात बसते. काकांनी, म्हणजे त्या वेळच्या नवऱ्या मुलानं, एकच प्रश्न विचारला होता, "आता न्हाई ना बसत?" मुलगी "नाही" म्हणाली. विषय तिथं मिटला आणि मिटलेलाच राहिला.

पोरं मोठी होऊन पुण्याला गेल्यावर कधीतरी काकूंना कळलं की त्या जिथं शिकल्या त्या क्लबातली जुनी लाकडी ग्लायडर भंगारात निघताहेत. त्या एकट्याच गेल्या. टोमॅटो खाली करून परतणाऱ्या ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली झाकून, त्यातलं एक घेऊन आल्या. ट्रकवाल्याला वाटलं होतं जत्रेतला पाळणा आहे. काका ओट्यावर बसले होते. ताडपत्री निघाली तसे उठून उभे राहिले.

"ह्ये काय आणलं?"

"माहेरचं सामान," काकू म्हणाल्या.

माहेरच्या सामानाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. काकांनी चाळीकडं बघितलं. मग म्हणाले, "कांदं भिजलं न्हाई पायजेत," आणि आत गेले.

काका द्राक्षवाले. उंच, काटक, डोक्यावर टोपी, बोलणं अगदी बेताचं. त्यांचं मौन रागाचं नव्हतं. तो त्यांचा स्वभावच होता, जसा एखाद्याचा आवाज घोगरा असतो. दोघं जेवायला बसली की भाकरी मोडल्याचा आवाज वर माझ्या खोलीत ऐकू यायचा. मात्र त्या ग्लायडरला त्यांनी कधी हात लावला नाही. चाळीत कांदे उपसायला गेले तरी पंखाला अंग घासणार नाही असे कडेकडेनं जायचे. सोवळ्यातल्या माणसाला चुकवून जावं तसे.

ते ग्लायडर उडणार नव्हतं. त्याला परवाना नव्हता आणि काकूंनाही तो नकोच होता. "म्हातारपणी कायदा मोडायचा नाही," असं म्हणायच्या. मग त्या करायच्या काय? आषाढात पश्चिमेचा वारा घाट चढून आमच्या बाजूला उतरतो. तिकडं तळेघर, भीमाशंकरला पाऊस कोसळत असतो. आमच्याकडे नुसता वारा आणि भुरभुर. त्या दिवसांत तालमीतली पोरं बोलवून काकू ग्लायडर गावाबाहेरच्या आपल्या माळावर न्यायच्या. पंख जोडायच्या. नाक वाऱ्याकडे करून पुढून दोर ट्रॅक्टरला आणि मागून शेपटीचा दोर लोखंडी पहारीला बांधायच्या. मग साडी खोचून आत बसायच्या.

ग्लायडरला पोटाखाली एकच चाक. त्यामुळे ते उभं असताना एका अंगावर कलतं आणि एका पंखाचं टोक जमिनीला टेकतं. म्हातारं माणूस उठता-बसता एक हात भुईला टेकतं, तसं. वारा पुरेसा जोराचा असेल, तर आत बसलेल्या माणसाला दांडा हलवून टेकलेला पंख उचलता येतो आणि दोन्ही पंख समतोल धरून ठेवता येतात. चाक जमिनीवर, दोर बांधलेले, कुठं जाणं नाही की येणं नाही. पण पंख वाऱ्यावर असतात. काकूंना वर्षाकाठी एवढंच हवं असायचं.

मी होते त्या साली काकांनी ठरवलं की दिवाळीनंतर त्या माळावर पॉलिहाऊस घालायचं. जेवताना त्यांनी तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरं." आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी मी चाळीत गेले तर त्या पंखाच्या टोकाशी जमिनीवर बसल्या होत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या. टोकाखालचं कापड फाटून आतलं लाकूड भुसभुशीत झालं होतं. "इतकी वर्षं माळाच्या दगडांवर टेकून टेकून झिजलं. याला स्किड बसवायला पाहिजे. दोन्हीकडं."

स्किड म्हणजे पंखाच्या टोकाखाली बसवायची वाकडी पट्टी. पंख टेकला तर आधी ती टेकते, घासली तर ती घासते. तालमीतली पोरं तिला पंखाची वहाण म्हणायला लागली आणि तोच शब्द रूढ झाला.

"पण यंदाच्यानंतर..." मी बोलायला गेले.

"यंदा आहे ना?" काकू म्हणाल्या.

पंखांच्या टोकांचं लाकूडकाम आधी उरकलं. कुजलेलं काढलं, सागाचा ठोकळा आत चिकटवला, वर नवं कापड ताणून त्यावर रोगण चढवलं. सगळी चाळ नखांच्या पॉलिशसारखा वास मारायला लागली. काका म्हणाले, "कांद्याला वास लागंल." काकू म्हणाल्या, "कांद्याला कशाचा वास लागतो?" घरात त्या आठवड्यात झालेलं हे सगळ्यात मोठं संभाषण.

मग वहाणांचा शोध. एका रविवारी मी त्यांना स्कूटीवर बसवून आळेफाट्याला नेलं. तिथल्या गॅरेजवाल्यानं काकूंच्या हातातला, वहाणेच्या आकाराचा कापलेला कागद बघितला आणि लोखंडाची पट्टी काढली. वर अंगठ्याएवढा बोल्ट ठेवला.

"काकू, ह्ये लावा. ट्रक गेला वरनं तरी निघणार न्हाई."

"निघालंच पाहिजे," काकू म्हणाल्या.

"आँ?"

"दगडात अडकली तर वहाण निघून आली पाहिजे रे. ती निघाली नाही तर पंखच निघंल. आधी काय मोडायचं ते आपण ठरवायचं असतं."

गॅरेजवाल्यानं डोकं खाजवलं. "आमच्याकडं लोक उलटं सांगत्यात, राव," तो माझ्याकडं बघून म्हणाला. शेवटी काकूंनी त्याच्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा तेवढा घेतला आणि निघताना त्याच्या दारात उभ्या असलेल्या टँकरभोवती एक फेरी मारली. "डावं मागचं बघ," असं सांगून आल्या.

लोखंड बाद झालं, मग बांबू. चांगला बांबू तळेघरकडं मिळतो म्हणून आम्ही तिकडं गेलो. बस मध्येच सोडली आणि भाताच्या खाचरांच्या बांधांवरून चालत निघालो. ज्यांच्या परसात बांबूचं बेट होतं त्या बाबांनी आम्हाला आधी चहा पाजला. मग काकू बेटात शिरल्या. एकेक बांबू वाजवायचा, कान लावायचा, पेर मोजायचं, पुढं जायचं. बाबा कोयता घेऊन उभे. बराच वेळ झाला.

"पावणं," बाबा हळूच मला म्हणाले, "बांबू घ्यायचाय का जावई बघायचाय?"

ते काकूंनी ऐकलं. "जावई एवढं बघून केला नव्हता हो," आतून आवाज आला. बाबा पोट धरून हसले. शेवटी त्यांनी बांबू तर दिलाच, वर नाचणीची गाठोडीही बांधून दिली.

तो बांबू चिरून, भिजवून, बंबाच्या वाफेवर धरून मऊ केला. मग पालथ्या घमेल्याच्या पाठीवर वाकवून जुन्या साडीच्या पट्ट्यांनी आवळून ठेवला. वाळल्यावर त्याला बरोबर पंखाच्या टोकासारखा बाक आला. काकूंनी दोन्ही पट्ट्या भाजीच्या तराजूच्या दोन पारड्यांत टाकल्या. जी जड ती काचेच्या तुकड्यानं तासायची, परत तोलायची. दांडी आडवी होईना. मी कंटाळून म्हणाले, "काकू, एवढ्यानं काय होतंय?"

"तू पेशंटच्या एका पायाला जाड आणि दुसऱ्याला पातळ तळवा देशील का?"

मी काचेचा दुसरा तुकडा उचलला.

पहिली वहाण बसवली तो दिवस मला नीट आठवतो. पंखाखाली गोणपाटाच्या उशा. काकू पाठीवर झोपून, डोळ्यांवर चष्मा, चष्म्याला मागून नाडा. गिरमिटानं दोन बारीक भोकं पाडली. भोकांत रोगणाचे थेंब सोडले, म्हणजे पाणी शिरत नाही. बांबू आणि पंख यांच्यामध्ये ट्यूबचा रबरी तुकडा. मग पितळेचे स्क्रू, तेही मुद्दाम बारीक आणि मऊ, कपड्यांच्या साबणावर घासून घेतलेले. मी पट्टी दाबून धरली आणि काकूंनी पिळायला सुरुवात केली. एक थोडा, मग दुसरा थोडा, परत पहिला. त्यांचा खुबा तेव्हा दुखायला लागला होता. कुशीवर वळताना तोंडातून आवाज निघायचा, तो त्या खोकल्यात लपवायच्या. मला तो कळायचा, कारण असे आवाज ऐकणं हेच माझं काम. मी पट्टी आणखी घट्ट दाबून धरायचे.

दुसऱ्या वहाणेचा बांबू स्क्रू पिळताना तडकला. परत चिरणं, परत भिजवणं. आणि नेमका त्याच दिवशी वारा सुटला. गच्चीवरचा धागा चिंचेकडे ताठ आडवा. तालमीतली पोरं धावत आली, "काकू, चला! लई वारा सुटलाय!"

"एक वहाण राहिलीय."

"एका पंखाला हाय की!"

"एका पायात चप्पल घालून बाजारात जातोस का?"

पोरं निघून गेली. मीही चिडले. असा वारा वर्षात मोजके दिवस येतो आणि पुढच्या आषाढात तिथं माळच नसणार, प्लॅस्टिकचं छप्पर असणार. काकू मात्र बंबाशी बसून वाफेवर बांबू फिरवत होत्या. काका अंगणातून जाताना थांबले. बंबाकडं बघितलं, वर धाग्याकडं बघितलं आणि बागेकडं गेले.

त्यानंतर वारा गेला तो गेलाच. दुसरी वहाण बसली, तोलली, रोगण वाळलं, तरी धागा काठीला चिकटून लोंबतच होता. काकू रोज गच्चीवर यायच्या. नारायणगडाच्या धारेवर घारी घिरट्या घालतात का ते बघायच्या. घारी खाली बसलेल्या दिसल्या की म्हणायच्या, "त्यांनाही सुट्टी आहे." आषाढ सरत आला. मी मनातून आशा सोडली होती.

मग एका दुपारी दवाखान्यात फोन आला. काकू फक्त म्हणाल्या, "ये."

माळावर पोचले तेव्हा पोरांनी पंख जोडले होते. काकूंनी ग्लायडरभोवती फेरी मारली, आपल्या दोन्ही वहाणांवरून हात फिरवला, आणि माझा खांदा धरून आत उतरल्या. "टोक दोन बोटांनी धर," त्यांनी मला बजावलं. "घट्ट नाही. वारा त्याला घेऊन जाईल तेव्हा सोडून दे. आपण धरलंय असं त्याला वाटता कामा नये."

मी टोक धरून उभी राहिले. वारा कापडावर वाजत होता. हळूहळू हातातलं ओझं कमी होत गेलं, आणि एका क्षणी काहीच उरलं नाही. पंख माझ्या बोटांच्या वर वीतभर स्थिर होता. दोन्हीकडचे पंख सरळ. ते जुनं पिवळं धूड जिवंत झालं होतं. काकू समोर बघत होत्या. हात जवळजवळ हलत नव्हता. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं. देवासमोर उभ्या असलेल्या बाईचा असतो तसा चेहरा.

माझं लक्ष गेलं तर लांब, विहिरीच्या खोपटाशी काका उभे होते.

किती वेळ गेला कोण जाणे. एक मोठा झोत आला आणि मागची पहार उपटली. शेपूट फिरली, ग्लायडर गर्रकन वळलं आणि डावा पंख धाडकन खाली येऊन खडकावरून खरडत गेला. लाकूड फुटल्याचा आवाज झाला. कुणीतरी ओरडलं. पोरांनी झेप घेऊन शेपूट दाबली. मी काकूंकडे धावले, पण माझ्याआधी काका तिथं पोचले होते. त्या लांबच्या खोपटापासून ते कसे आले, मला आजही कळलेलं नाही. टोपी वाटेत कुठंतरी गेली होती. त्यांनी एका हातानं पंख दाबून धरला होता आणि दुसऱ्या हातानं काकूंचा दंड.

"मोडलं का गं? काय मोडलं? बोल की!"

"मला काही झालं नाही," काकू म्हणाल्या. "आधी टोक बघा."

काका टोकाशी गुडघ्यांवर बसले. बांबू दुभंगला होता, पितळेचे स्क्रू तुटून वहाण दूर जाऊन पडली होती. पंखाला ओरखडा नव्हता. त्यांनी नव्या कापडावरून बोटं फिरवली. मग ती मोडकी वहाण उचलून आणली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली.

"एवढंच गेलं," ते म्हणाले.

"एवढंच जायचं होतं."

पोरं दोर सोडायला लागली. काकू अजून आतच बसलेल्या, काका पंखाला हात लावून उभे. मी त्यांच्या पाठीमागं होते, म्हणून मला ऐकू आलं. काका दुसरीकडं बघत म्हणाले, "वर कसं वाटायचं गं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. नातवंडं झाली होती.

काकूंनी थोडा विचार केला. "शांत," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेजारी जेवायला बसला की असतं ना, तेवढं."

काकांनी पंखावरचा हात काढला. मग टोपी शोधायला गेले.

पुढं माझं लग्न झालं, मी सोलापूरला परत आले. काकूंचा फोन सणासुदीला यायचा. त्यात पीकपाणी असायचं, वारा असायचा, खुब्याचं ऑपरेशन झाल्याचंही एका वाक्यात असायचं. पॉलिहाऊसचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची.

गेल्या आषाढात नाशिकला जायचं निघालं, तेव्हा मी वाट वाकडी करून वारूळवाडीला गेले. घराला कडी होती. शेजारच्या आजींची सून म्हणाली, "माळावर हायेत दोघं." मी माळावर गेले. पॉलिहाऊस होतं, पण ते खाली विहिरीला लागून, वाऱ्याच्या आडोशाला. वरचा माळ मोकळा होता. आणि माळावर, नाक पश्चिमेला करून, ते पिवळं ग्लायडर उभं होतं.

पंखाच्या टोकाशी काकू होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताची दोन बोटं पंखाला. पायांत तेच बूट. आत काका बसले होते. टोपीवरून मफलर बांधून हनुवटीखाली गाठ मारलेली.

"आता मला आत उतरता येत नाही," मी विचारायच्या आत काकू म्हणाल्या. "खुबा वळत नाही. म्हटलं, गाडी पडून कशाला..." आणि जीभ चावली. "रिकामी कशाला ठेवायची."

मी वाकून पंखाखाली बघितलं. वहाण नवी होती. बाक जरा ओबडधोबड, तासणी खडबडीत.

"ही तुमच्या हातची नाही."

"त्यांनीच केलीय. किती जोड्या झाल्या विचारू नकोस. डावा पंख आपटतातच आपटतात."

"डावा लई जड हाय!" आतून काका ओरडले.

"जड नाही, तुम्ही टोकाकडं बघता! समोर बघा, डोंगराकडं!" काकूंनी मला खूण केली आणि पंख माझ्या हातात दिला. "माझा पाय भरून आलाय. तू धर."

"म्याडम, तुमी हाय का?" काकांनी विचारलं. मान वळवायची त्यांना बंदी असावी. "नीट धरा बरं. सोडू नका."

"धरलंय, काका."

वारा वाढला. काकांचा दांडा उगाचच डावी-उजवीकडं हलत होता, पंख माझ्या बोटांत अवघडल्यासारखा वळवळत होता. काकू काठीवर भार देऊन त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग दांडा हलायचा थांबला. काका डोंगराकडं बघायला लागले. माझ्या हातातलं ओझं उतरत गेलं, उतरत गेलं, आणि पंख सुटला.

"सोडू नका हां, म्याडम!" काका ओरडले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि माझे रिकामे हात धरून मला हळूच दोन पावलं मागं ओढलं.